वायरशार्कमधले शून्य खरे नव्हे

प्रत्येक टीसीपी जोडणीचा (टीसीपी म्हणजे दोन संगणकांमध्ये माहिती क्रमाने पोचवणारा नियमसंच) अनुक्रमांक, म्हणजे पाठवलेल्या बाइटांना दिला जाणारा क्रम, शून्यापासूनच सुरू होतो, हा समज वायरशार्क हे नेटवर्कवरची पॅकेटे (माहितीचे छोटे तुकडे) टिपून दाखवणारे सॉफ्टवेअर पाहून शिकणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे टिकून आहे. तो चुकीचा आहे. पडद्यावरचे शून्य सापेक्ष असते, म्हणजे वाचन सोपे व्हावे यासाठी जोडणीचा आरंभीचा अंक वजा करून उरलेला आकडा तिथे दाखवला जातो. प्रत्यक्ष पॅकेटमधला आरंभीचा अंक ० ते ४,२९,४९,६७,२९५ यांपैकी कोणताही असू शकतो, आणि तो त्रयस्थाला ओळखता आल्यास बनावट पॅकेट घुसवणे सोपे होते, म्हणूनच २०१२ च्या आरएफसी ६५२८ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजामध्ये तो अंदाजापलीकडे ठेवण्याची पद्धत दिली आहे. दोन ठिकाणी टिपलेली पॅकेटे जुळवताना मात्र, विशेषतः एक नोंद जोडणीच्या मध्येच सुरू झाली असेल तर, सापेक्ष अंकांचा पर्याय बंद करूनच काम करावे, कारण तेव्हा खरा आरंभीचा अंक त्या नोंदीत नसतो आणि दोन्हींकडची शून्ये वेगवेगळ्या बाइटवर पडलेली असतात.