कॅलेंडरच्या प्रोग्रॅमला पासवर्ड कशाला?

"म्हणजे त्या फुकटातल्या प्रोग्रॅमला गूगलचा पासवर्ड देऊन बसलास?" मेहुण्याने जेवता जेवता विचारलं. नाही दिला. द्यायचा म्हटला तरी तो चालत नाही.

कॅलेंडरं एकमेकांशी जुळवणारा कॅलडॅव्ह हा प्रोटोकॉल २००७चा. पूर्वी प्रोग्रॅममध्ये पासवर्ड टाकला की झालं. गूगलचं कॅलडॅव्ह मात्र ओऑथ २.० शिवाय, म्हणजे पासवर्ड न देता परवानगी देण्याच्या पद्धतीशिवाय, दारात उभं करत नाही. ब्राउझर उघडतो, लॉगिन तुम्ही गूगलच्याच पानावर करता आणि प्रोग्रॅमच्या हाती पडतं ते फक्त टोकन, म्हणजे ठरावीक कामापुरता परवाना. त्याने कॅलेंडर दिसतं, मेल नाही. नको झालं की ते रद्द करता येतं.

ओपन सोर्सची अडचण वेगळीच. ओऑथमध्ये प्रोग्रॅमलाही स्वतःचा आयडी आणि एक 'सिक्रेट' मिळतं. आता सगळा कोडच चव्हाट्यावर असेल तर त्यात गुपित ठेवणार कुठे? व्हीडिरसिंकरसारखा कॅलेंडर जुळवणारा ओपन सोर्स प्रोग्रॅम म्हणूनच सांगतो, बाबा रे, गूगलकडून आयडी तुझा तू काढ.

या पेचावरचा २०१५चा उतारा मला फार आवडतो. नाव पीकेसीई, म्हणायचं 'पिक्सी'. गुपित कोडमध्ये ठेवायचंच नाही, दर लॉगिनला नवं बनवायचं. प्रोग्रॅम ४३ ते १२८ अक्षरांची एक यादृच्छिक ओळ तयार करतो आणि ती स्वतःजवळ ठेवतो. एसएचए-२५६ या गणिती रीतीने तिचा हॅश, म्हणजे जिच्यावरून मूळ ओळ परत काढता येत नाही अशी खूण, काढून तेवढाच ब्राउझरमार्फत गूगलला पाठवतो. लॉगिन झालं की १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे तुमच्याच संगणकावर, ओटीपीसारखा एक अल्पायुषी कोड परत येतो. टोकन हवं असेल तर कोडसोबत आता मूळ ओळ द्यायची. सर्व्हर तिचा हॅश काढतो, आधीच्याशी ताडून बघतो आणि जुळला तरच टोकन देतो.

नोट फाडून अर्धी समोरच्याला द्यावी आणि "उरलेली अर्धी आणेल त्यालाच माल दे" म्हणावं, तसंच हे. फरक इतकाच की इथे पहिली अर्धी साऱ्या गावाने पाहिली तरी तिच्यावरून दुसरी बनवता येत नाही. मधल्यामध्ये कोड कुणी पळवलाच, तर मूळ ओळ नसल्याने तो हात चोळत बसतो.

पण पिक्सी म्हणजे प्रोग्रॅमचं ओळखपत्र नव्हे. ज्याने सुरुवात केली तोच शेवटाला आला, एवढंच ती सांगते. आयडी चोरून एखाद्या तोतयाने पहिल्यापासून सुरुवात केली, तर ती त्याला अडवणार नाही. जाहिरातीतली 'मिलिटरी दर्जाची सुरक्षा' हे कधी सांगत नाही.

आणखी एक. टोकन साधारण तासाभरात संपतं, नवं मिळवायला रिफ्रेश टोकन लागतं. स्वतः काढलेला आयडी गूगलकडे 'टेस्टिंग'मध्येच, म्हणजे चाचणीच्या अवस्थेतच, राहिला तर तेही ७ दिवसांत बाद होतं. व्हीडिरसिंकर टोकन डिस्कवरच्या एका फाइलमध्ये ठेवतो. मेहुण्याने विचारायला हवं होतं ते त्या फाइलबद्दल. बॅकअपच्या पेनड्राइव्हवर तीही जाते.