पाण्याचा जार, आणि १९३६ सालचे उंदीर

आमच्या कोथरूडच्या ऑफिसात पाण्याचे वीस लिटरचे जार येतात. एप्रिलमध्ये तो टेम्पो भर उन्हात दोन-दोन तास उभा असतो. परवा एक रिकामा जार उलटा केला तर बुडाला त्रिकोणात ७ आणि खाली पीसी, म्हणजे पॉलिकार्बोनेट. ते ज्यापासून बनतं ते बिसफेनॉल ए, सगळे बीपीए म्हणतात तेच, जार तापला की पाण्यात थोडंथोडं उतरणारं. मैत्रिणीला पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास, निघाल्यापासून आमच्याकडे डबा खाताना हाच विषय, की प्लास्टिकमुळे होतं का गं हे? म्हणून मागचं शोधत गेले तर गोष्ट आमच्या आज्यांच्या काळातली निघाली.

बीपीए पहिल्यांदा बनवलं दियानिन नावाच्या रशियन केमिस्टनं, १८९१ मध्ये. मग बरीच वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. १९३०च्या दशकात लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स नावाचे शास्त्रज्ञ स्वस्तातलं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, शोधत होते, कारण नैसर्गिक इस्ट्रोजेन मिळायला अवघड आणि महाग. अंडाशय काढलेल्या उंदरांवर एकेक केमिकल टोचून बघायचे. १९३६ मध्ये बीपीए टोचलं तर ते चक्क इस्ट्रोजेनसारखं वागलं, पण फारच कमजोर, म्हणून बाजूला पडलं. १९३८ मध्ये त्यांच्याच हाती डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन लागलं, एकदम जालीम, वर पेटंटही नाही, मग काय, कंपन्यांची झुंबड.

अमेरिकेत गर्भपात टळावा म्हणून गरोदर बायकांना डीईएसच्या गोळ्या सुरू झाल्या. १९५३ मध्येच शिकागोच्या अभ्यासात दिसलं की काही उपयोग होत नाही, तरी गोळ्या चालूच! १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांकडे योनीमार्गाचा अगदी दुर्मीळ कॅन्सर झालेल्या आठ तरुण मुली, त्यातल्या सात जणींच्या आयांनी पोटुशी असताना डीईएस घेतलेलं. पुढे असं दिसलं की अशा कित्येक मुलींचं गर्भाशयच वेगळ्या आकाराचं, मूल राहायला त्रास, राहिलं तर वेळेआधी डिलिव्हरी. गोळी आईनं खाल्ली, भोगलं लेकीनं. मला विचाराल तर हा सगळा विषय खरा इथून सुरू होतो, हार्मोनशी खेळणाऱ्या केमिकल्सना ‘एंडोक्राइन डिसरप्टर’ हे नाव मिळालं ते खूप नंतर, १९९१ मध्ये विस्कॉन्सिनच्या एका बैठकीत.

आणि बाजूला पडलेलं बीपीए? १९५३ मध्ये जर्मनी आणि अमेरिकेत वेगवेगळ्या दोघांनी त्यातून पॉलिकार्बोनेट काढलं, काचेसारखं पारदर्शक आणि आपटलं तरी न फुटणारं, आणि औषध म्हणून नापास झालेलं केमिकल बाटल्या-डब्यांमधून घरोघरी पोचलं.

ते पुन्हा उजेडात आलं तेही चुकून. १९९८ मध्ये अमेरिकेत पॅट हंट या शास्त्रज्ञ बाईंच्या लॅबमध्ये कुणीतरी उंदरांचे प्लास्टिकचे पिंजरे फरशी धुवायच्या साबणानं धुतले, प्लास्टिक झिजून त्यातलं बीपीए बाहेर आलं, आणि ज्या निरोगी माद्यांच्या बीजांडांमध्ये गुणसूत्रांचा गोंधळ एरवी १-२ टक्के असायचा तो एकदम ४० टक्क्यांवर गेला.

पीसीओएसचं म्हणाल तर काही अभ्यासांत अशा बायकांच्या रक्तात बीपीए जास्त सापडलंय, पण त्यांच्यात पुरुषी हार्मोन जास्त असल्यामुळे बीपीएचा निचराच हळू होत असेल अशीही शक्यता आहे, म्हणजे आधी कोंबडी की अंडं, त्यामुळे मैत्रिणीला छातीठोक काही सांगता आलं नाही. युरोपनं मात्र २०२३ मध्ये रोजची सुरक्षित मर्यादा आधीपेक्षा २०,००० पटीनं खाली आणली. आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या बाटल्यांत बीपीए नको असं २०१५ च्या मानकात आलं. तुळशीबागेत ‘बीपीए-फ्री’ लिहिलेल्या बाटल्या मिळतात खऱ्या, पण अशा मालात कधीकधी त्याचाच चुलतभाऊ बीपीएस (बिसफेनॉल एस) असतो.

बीपीए अंगात साठून राहत नाही, बरंचसं दिवसभरात लघवीवाटे निघून जातं. पण आम्ही तासाभरानं परत त्याच जारखाली ग्लास धरतो. टेम्पोवाल्या दादांना म्हटलं गाडी सावलीत लावा, तर म्हणाले, ‘ताई, पार्किंग मिळतंय का बघा आधी.’