बालस्थूलतेवरील कुटुंबाधारित उपचार

मुलाच्या वाढलेल्या वजनावर एकट्या मुलाला पथ्य न देता आईवडील आणि घरातील खाण्यापिण्याचे, हालचालीचे व पडद्यासमोर बसण्याचे वळण एकत्रितपणे बदलण्याची वर्तनोपचारपद्धती. ती मुख्यतः ६ ते १२ वर्षे वयोगटासाठी घडवली गेली. या वयात किराणा कोण आणतो, डबा कोण भरतो आणि संध्याकाळी मूल खेळायला जाते की घरीच बसते, हे बहुतांशी मोठी माणसे ठरवतात. म्हणूनच हा वयोगट निवडला गेला.

उगम : पद्धतीच्या उगमाबाबत एकमत नाही. एक मत तिचा आरंभ हिल्डे ब्रुख या मूळच्या जर्मन डॉक्टर स्त्रीच्या न्यूयॉर्कमधील कामाशी जोडते. त्या काळी स्थूल मुले ‘ग्रंथींच्या दोषाची’ म्हणून ओळखली जात. त्यांपैकी बहुतेकांत अंतःस्रावी ग्रंथींचा विकार नसतो, हे ब्रुख यांनी १९३० च्या दशकाअखेरीस दाखवले. १९४० मध्ये ग्रेस टुरेन यांच्यासह त्यांनी अशा मुलांच्या ४० कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले. मात्र त्यातील कुटुंब हे उपचाराचे साधन नसून रोगाचे कारण आहे, आणि त्यातही दोषाचा मोठा वाटा आईकडे जातो : मुलाला जपून ठेवणारी, मायेची उणीव घासाने भरून काढणारी आई. ‘आईनेच लाडावून ठेवले’ हा आपल्याकडचा शेराही याच जातीचा आहे.

दुसरे मत वर्तनवादी परंपरेला, म्हणजे परिसर व बक्षीस बदलून सवय बदलता येते असे मानणाऱ्या मानसशास्त्राला, श्रेय देते. सी. बी. फर्स्टर व सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये खाण्याच्या सवयींचे वर्तनशास्त्रीय विश्लेषण मांडले. रिचर्ड स्टुअर्ट यांनी १९६७ मध्ये आठ प्रौढ रुग्णांवर त्या तत्त्वांचा वापर केला. पुढील दशकात ही तंत्रे मुलांकडे वळली. कुटुंब हा शब्द ब्रुख यांच्याकडे आधी आला असला, तरी आज वापरात असलेली तंत्रे जवळपास सर्व दुसऱ्या परंपरेतली आहेत. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कुटुंबचिकित्सेची, म्हणजे घरातील नातेसंबंधांवर काम करणारी, तिसरी धाराही आहे. स्वीडनमध्ये १०–११ वर्षांच्या मुलांवर झालेला व १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तिचे ठळक उदाहरण. पण ती धारा क्षीणच राहिली.

एपस्टाइन यांचे प्रयोग : पद्धतीला आजचे रूप लेनर्ड एपस्टाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रथम पिट्सबर्ग व नंतर बफलो येथे दिले. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ७६ कुटुंबे होती; मुलाबरोबर पालकही स्थूल होते. या प्रयोगाचा उल्लेख ‘कुटुंबाच्या सहभागाचा पुरावा’ असा सरसकट होतो. तो काटेकोर नाही. आहार, व्यायाम आणि वर्तन यांचे शिक्षण तिन्ही गटांना सारखेच मिळाले. फरक होता तो बक्षीस कशाबद्दल मिळते याचा : पहिल्या गटात मूल व पालक दोघांच्या वजनाबद्दल व सवयींबद्दल, दुसऱ्यात फक्त मुलाच्या, तिसऱ्यात केवळ हजेरीबद्दल. म्हणजे कुटुंब तिन्ही गटांत होते; पालकाने स्वतः बदलायचे की मुलाच्या बदलाला नुसती साथ द्यायची, हा खरा प्रश्न होता.

१९९० मध्ये दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष आले. ते समजण्यासाठी ‘अतिरिक्त वजनाची टक्केवारी’ हे माप लक्षात घ्यावे लागते. वाढत्या मुलाचे किलो फसवे असतात. अपेक्षित वजन ३० किलो असताना मूल ४२ किलोचे असेल, तर अतिरिक्त वजन ४०%. काही वर्षांनी उंचीबरोबर अपेक्षित वजन ३५ किलो झाले आणि मूल ४२ वरच राहिले, तर ते २०% वर येते. काटा जागचा हलत नाही आणि तरी मूल सुधारते. या मापाने पहिल्या गटातील मुले दहा वर्षांनी सुरुवातीपेक्षा ७.५ अंकांनी खाली होती, दुसऱ्या गटातील मात्र ४.५ ने वर आणि तिसऱ्यातील १४.३ ने वर. पालकांचे वजन मात्र पहिली दोन वर्षे उतरून पुन्हा चढले आणि तिन्ही गटांत मूळ पातळीच्याही वर गेले. मुलांनी जे टिकवले ते त्यांना शिकवणाऱ्यांना टिकवता आले नाही. याचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळत नाही. मुलांच्या बाजूने उंची असते, हे त्याचे अर्धे उत्तर मानता येईल.

तंत्र : आहारासाठी सिग्नलचे रंग वापरतात. हिरवे म्हणजे मोकळेपणी, पिवळे म्हणजे बेताने, तांबडे म्हणजे आठवड्याला मोजून. मूल व पालक दोघेही वहीत रोजची नोंद ठेवतात. आठवड्याच्या बैठकीत आधी वजन होते, मग वही उघडली जाते. तांबडे पदार्थ मुलापासून लपवायचे नसतात; ते घरातच आणायचे नसतात. फडताळातला फरसाणाचा डबा बाबांसाठी राहिला, तर मुलाचा नियम कागदावरच उरतो. कौतुक नेमके हवे : ‘शहाणा माझा’ असे नव्हे, तर ‘आज दुसऱ्यांदा वाढून घेतले नाहीस’ असे. बक्षीस खाऊचे नसते. एकत्र खेळायचे वा फिरायला जायचे असते. बैठका सुरुवातीला दर आठवड्याला, मग विरळ होत जातात.

पालक की मूल : उपचाराला कोणी बसावे, यावर निष्कर्ष एका दिशेचे नाहीत. अमेरिकेत १९८३ मध्ये १२ ते १६ वर्षांच्या ४२ मुलामुलींवर केलेल्या प्रयोगात आई व मूल यांच्या बैठका वेगवेगळ्या घेतल्या, तेव्हा १६ आठवड्यांत सरासरी ८.४ किलो वजन उतरले. एकत्र बसवल्यावर ५.३ आणि मूल एकटे असताना ३.३ किलो. वाढत्या वयाच्या मुलांना आईसमोर वजनाबद्दल बोलणे नको असते, हे घरोघरी ठाऊक आहे. इस्राएलमध्ये मोरिया गोलान यांनी केवळ पालकांनाच बोलावले. सात वर्षांनी त्या गटातील मुलांचे अतिरिक्त वजन २९% नी घटलेले होते, केवळ मुलांना बोलावलेल्या गटात २०.२% नी. २०१७ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथील प्रयोगातही केवळ पालकांवरील उपचार पालक व मूल दोघांवरील उपचारापेक्षा कमी पडला नाही.

परिणामाची मर्यादा : आरंभीचे आकडे विशेष केंद्रांतले, निवडक कुटुंबांचे आहेत. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या समीक्षेत ६ ते ११ वर्षांच्या मुलांवरील ७० चाचण्या तपासल्या. परिणाम लहान आणि पुरावा कमी दर्जाचा आढळला. २०२३ मध्ये एपस्टाइन व सहकाऱ्यांनी नेहमीच्या बालरोग दवाखान्यांत ४५२ मुलांवर दोन वर्षे केलेली चाचणी प्रसिद्ध केली. हा उपचार मिळालेला गट आणि नेहमीचीच सेवा मिळालेला गट यांत सुमारे ६ अंकांचा फरक पडला. पण तो मुख्यतः दुसऱ्या गटातील मुलांची स्थूलता वाढत गेल्याने आणि उपचार घेतलेल्यांची होती तिथेच राहिल्याने. ज्यांच्यावर उपचार केलाच नव्हता अशा भावंडांनाही लाभ झाला. अमेरिकन बालरोग अकादमीने त्याच वर्षी ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तासांच्या प्रत्यक्ष उपचाराची शिफारस केली.

भारतातील स्थिती : पाच वर्षांखालील अतिवजन मुलांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत २.१% होते, पाचव्या फेरीत ३.४%, महाराष्ट्रात ते १.९ वरून ४.१% झाले. भारतीय बालरोग अकादमीच्या २०१५ च्या वाढतक्त्यांत अतिवजन व स्थूलता यांच्या रेषा प्रौढांच्या २३ व २७ या शरीर-वस्तुमान निर्देशांकांशी (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) जोडल्या आहेत; आंतरराष्ट्रीय २५ व ३० पेक्षा त्या खाली ठेवण्यामागे, भारतीयांत त्याच निर्देशांकाला चरबी अधिक असते हे कारण आहे. पुण्यातील अभ्यासांनी हे प्रकर्षाने दाखवले.

रंगांची विभागणी सुट्या पदार्थांना सोपी जाते. साबुदाणा खिचडी किंवा फोडणीचे पोहे यांचा रंग मात्र त्यात पडलेल्या तेल-तुपावर आणि दाण्याच्या कुटावर ठरतो, आणि ते मुलाच्या ताटात नव्हे, सगळ्या घराच्या कढईत पडते. शिवाय मूळ प्रयोगांत उपचाराला बसणारा पालक बहुधा एकच. एकत्र घरात कढई एकीच्या हाती, पैसे दुसऱ्याच्या आणि ‘वाढत्या वयात खाल्लेलेच अंगी लागते’ म्हणणारी आजी तिसरी असते. तिला बैठकीला बोलावल्याशिवाय वहीतल्या नोंदी पूर्ण होत नाहीत.