बॅटरी उतरली, हवा गेली : ३००० जूलचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी आमच्या गोरेगावच्या सोसायटीच्या पार्किंगमधून आवाज येत होता: कट्-कट्-कट्-कट्. शेजारचे काका पुन्हा पुन्हा चावी फिरवत होते. काकू मागच्या सीटवर रिपोर्टची फाइल मांडीवर घेऊन बसल्या होत्या, डॉक्टरांची अकराची वेळ होती. वॉचमन आणि मी धक्का मारायला पुढे झालो, तर काकांनी आतूनच हात हलवला. "अरे, ऑटोमॅटिक आहे ही. धक्क्याने नाही चालू होणार." शेवटी भर पावसात रिक्षा शोधावी लागली.

संध्याकाळी काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो पाठवले. दोन्ही जंप स्टार्टर, म्हणजे बॅटरी उतरलेली गाडी चालू करून देणारे छोटे डबे, आणि दोन्हींत टायरमध्ये हवा भरायचा कंप्रेसरही. एकावर ठळक अक्षरांत २०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) आणि ३००० अँपिअर पीक, किंमत कमी. दुसऱ्यावर १२,००० एमएएच, आणि किंमत जवळजवळ दीडपट. खाली प्रश्न: "मोठा आकडा स्वस्तात मिळतोय. यात गोम काय आहे, सांग बरं."

गोम आहे, पण ती कळायला आधी तो कट्-कट् आवाज समजून घ्यायला हवा. चावी फिरवली की बॅटरीतून थोडा प्रवाह सोलेनॉइड या विद्युतचुंबकाच्या गुंडाळीत जातो. ती लोखंडी दांडा खेचते, दांडा जाड तांब्याचा संपर्क जोडतो आणि सेल्फची मोटर बॅटरीला लागते. मोटर एकदम शंभर-दीडशे अँपिअर मागते. बॅटरी दमलेली असेल तर तिचा विजेचा दाब १२ व्होल्टवरून धाडकन सहा-सातवर येतो. एवढ्यात सोलेनॉइड दांडा धरून ठेवू शकत नाही, संपर्क सुटतो. मोटर सुटली की भार गेला, दाब पुन्हा वर चढतो, दांडा पुन्हा खेचला जातो. सेकंदात कित्येकदा हे चालतं, तोच तो आवाज. त्याउलट एकदाच जोरात 'टक्' होऊन सगळं शांत झालं, तर सेल्फवर किंवा त्याच्या संपर्कावर संशय घ्यावा. आणि डॅशबोर्डवरचे दिवेच लागले नाहीत, तर टर्मिनल सैल आहे किंवा बॅटरी पार संपली आहे. म्हणजे जंप स्टार्टर कधी कामाला येईल, हे कानांनीच बरंचसं कळतं.

काकांची बॅटरी उतरली कशी? गाडी महिनाभर जवळजवळ उभीच होती. बंद गाडीतही घड्याळ, लॉकचा रिसीव्हर, संगणकाची स्मृती यांना सतत थोडा प्रवाह लागतो. तो ३० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला पाऊण अँपिअर-तास आणि महिन्याला एकवीस-बावीस अँपिअर-तास होतो. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे निम्म्याहून जास्त गेली. लॉकडाउनमध्ये कितीतरी गाड्यांचं हेच झालं होतं. त्यात मुंबईचं चालवणं असं, की गोरेगावहून अंधेरीला जाताना इंजिन तासभर चालतं, पण बराच वेळ नुसतं घुरघुरत असतं. त्या वेगात अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारं वीज बनवायचं यंत्र, थोडीच वीज देतो आणि एसीचा पंखा, वायपर, हेडलाइट मिळून त्यातली बरीच खाऊन टाकतात. बॅटरीच्या वाट्याला उरतं ते चिमूटभर.

आता मुख्य हिशेब. पेट्रोलची छोटी गाडी चालू करायला समजा १० व्होल्ट दाबाने १५० अँपिअर, दोन सेकंद लागले. गुणाकार केला तर ऊर्जा येते ३००० जूल. ही किती? साठ किलोचा माणूस जेमतेम दीड मजला चढतो, तेवढी. एक वॅट-तास म्हणजे ३६०० जूल, म्हणजे एक वॅट-तासही पुरा लागत नाही. आपल्या खिशातल्या ५००० एमएएचच्या फोनमध्ये सुमारे ६९,००० जूल असतात. नुसत्या ऊर्जेचा हिशेब केला तर फोनवर गाडी तेवीस वेळा चालू व्हायला हवी.

ती का होत नाही, याचं उत्तर चाळीत वाढलेल्या कुणालाही पटकन कळेल. गच्चीवर हजार लिटरची टाकी असू दे, नळ करंगळीएवढा असेल तर बादली भरायची तेव्हाच भरणार. सेल्फला बादली दोन सेकंदांत हवी असते. ३००० जूल दोन सेकंदांत म्हणजे १५०० वॅट, चहाच्या इलेक्ट्रिक किटलीइतके, तेही १० व्होल्टच्या हलक्या दाबाने. दाब कमी म्हणून प्रवाह प्रचंड. बॅटरीच्या आत या प्रवाहाला जो अडथळा होतो त्याला अंतर्गत रोध म्हणतात. हा रोध फक्त ०.०२ ओहम धरा. १५० अँपिअर वाहताना तेवढ्यानेही ३ व्होल्ट आतल्या आत गळतात. ०.०६ ओहम असेल तर ९ व्होल्ट गेले, सेल्फला काही उरलंच नाही.

गाडीची शिशाची बॅटरी नेमक्या या कामासाठी घडलेली आहे. गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये ती बनवली, आणि रसायन अजून तेच आहे: शिसं, शिशाचा ऑक्साइड आणि सौम्य गंधकाम्ल. सुमारे २.१ व्होल्टचे सहा सेल एकापुढे एक, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. आत पुष्कळ पातळ पट्ट्या लावून पृष्ठभाग वाढवलेला असतो, तोच तिचा रुंद नळ. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा सेल्फ आणला, तेव्हापासून पुढून हँडल मारण्याची आणि उलट्या झटक्याने मनगट मोडून घेण्याची पाळी हळूहळू संपली.

जंप स्टार्टरमध्ये हेच काम छोटे लिथियम सेल करतात. १२,००० एमएएच लिहिलेल्या उपकरणात बहुधा ४००० एमएएचचे तीन सेल एकापुढे एक असतात. बेरीज १२,००० होते, पण ती ३.७ व्होल्टला. ऊर्जा काढायची तर १२ गुणिले ३.७, म्हणजे ४४ वॅट-तास. गाडीच्या भाषेत, १२ व्होल्टला, हे जेमतेम पावणेचार अँपिअर-तास. काकांच्या पहिल्या फोटोतल्या २०,००० एमएएचमध्ये ७४ वॅट-तास मावतात. टाकी नक्कीच मोठी आहे. नळाबद्दल त्या आकड्यात एक अक्षरही नाही. तेवढ्याच एमएएचच्या साध्या पॉवर बँकेतही ७४ वॅट-तास असतात, आणि तिने सेल्फ हलतही नाही.

मग ३००० अँपिअर? त्यातला 'पीक' हा शब्द नीट वाचायचा. पीक म्हणजे क्षणभराचा प्रवाह. किती क्षण आणि तेव्हा दाब किती उरला, हे खोक्यावर सहसा नसतं. याच्या शेजारी बॅटरीवरचा सीसीए हा आकडा ठेवून पाहा. उणे १८ अंश तापमानात, ३० सेकंद, दाब ७.२ व्होल्टच्या खाली न जाता जो प्रवाह मिळतो तो सीसीए. मुंबईत उणे १८ कधी होणार नाही, पण अटी स्पष्ट असल्यामुळे हा आकडा विश्वासाचा आहे. म्हणून जंप स्टार्टर घेताना माहितीपत्रकात 'स्टार्टिंग करंट' किंवा 'क्रँकिंग करंट', म्हणजे इंजिन फिरवताना मिळणारा प्रवाह, शोधावा. छोट्या पेट्रोल गाडीला तो किमान २०० अँपिअर असावा, डिझेल एसयूव्हीला ४०० च्या पुढे, कारण डिझेल इंजिनात हवा खूपच जास्त दाबावी लागते. हा आकडा दिलेलाच नसेल तर मी ते उपकरण घेणार नाही, मग पीक कितीही असो.

गाडीच्या बॅटरीला लावायच्या क्लिपांकडेही तितकंच लक्ष द्यावं. वायर जाड आणि आखूड, जबडे तांब्याचे, आणि मध्ये छोटी इलेक्ट्रॉनिक डबी. लाल-काळं उलटं लागलं किंवा क्लिपा एकमेकींना चिकटल्या, तर ही डबी प्रवाह सोडतच नाही. एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी: बॅटरी पार संपून दोन व्होल्टच्या खाली गेली, तर बऱ्याच डब्यांना ती 'दिसत'च नाही. त्यासाठी बूस्टचं बटण असतं. ते दाबलं की संरक्षण बंद होतं, तेव्हा रंग दोनदा तपासल्याशिवाय त्याला हात लावू नये.

समुद्राच्या हवेत टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी चढते. वर ०.०२ ओहमला ३ व्होल्ट गळाले तो हिशेब इथेही लागू आहे. कितीही महाग उपकरण त्या भुकटीवर चिमटून उपयोग नाही. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने ती साफ करावी. टर्मिनल सोडवताना आधी काळं, लावताना आधी लाल. चार्ज होणाऱ्या शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून ठिणगी बॅटरीपासून लांब पडावी यासाठी काळी क्लिप इंजिनच्या उघड्या धातूला लावायची पद्धत आहे. गाडी चालू झाली की अर्ध्या मिनिटात क्लिपा काढाव्यात. आणि काम तिथे संपत नाही. उतरलेली बॅटरी वीस मिनिटांच्या ट्रॅफिकमध्ये भरत नाही, तिला चार्जरवर काही तास लागतात. विजेवरच्या गाडीलाही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही, हे पुष्कळांना अजून माहीत नाही.

आता हवेकडे येऊ. छोट्या गाडीच्या टायरमध्ये साधारण २८ लिटर जागा असते. दाब २० पीएसआयवर आला असेल आणि ३३ करायचा असेल, तर १३ पीएसआय वाढवायला बाहेरची सुमारे २५ लिटर हवा आत कोंबावी लागते. घर्षण वगैरे सोडून यासाठी किती ऊर्जा लागते, हे मी कागदावर काढलं तेव्हा थबकलोच. उत्तर आलं सुमारे ३००० जूल. गाडी चालू करायला जेवढी, जवळजवळ तेवढीच एका टायरला. फरक वेळेचा. सेल्फला ती दोन सेकंदांत हवी, कंप्रेसर तीन मिनिटं घेतो. एकीकडे १५०० वॅट, दुसरीकडे सतरा. प्रत्यक्षात घर्षण, मोटर आणि उष्णता यांत बरीच वाया जाते, खर्च तिप्पट-चौपट होतो, तरी चार टायरना मिळून दहा-बारा वॅट-तास पुरतात.

उष्णता कुठून येते, हे हाताने अनुभवता येतं. सायकलच्या पंपाचं खालचं टोक चार-पाच दट्ट्यांनंतर चटका देतं. हवा झटकन दाबली की तापते. ३० अंशांची हवा ३३ पीएसआयपर्यंत एका दमात दाबली आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर ती गणिताने १५० अंशांच्या आसपास पोचते. अंगठ्याएवढ्या सिलिंडरचा कंप्रेसर म्हणूनच दहा-पंधरा मिनिटांत विश्रांती मागतो. माहितीपत्रकात सलग किती मिनिटं चालवावा हे दिलेलं असतं, ते पाळावं, आणि नळीचं पितळी टोक लगेच बोटांनी धरू नये.

खोक्यावर १५० पीएसआय असं मोठ्या अक्षरांत लिहितात. गाडीला ३३ लागतात. पाहायचं ते मिनिटाला किती लिटर हवा जाते; इथेही टाकी दाखवून नळ झाकलेला आहे. दहा लिटर असेल तर छोट्या गाडीला चालतं, एसयूव्हीच्या मोठ्या टायरला कंटाळा येईल. ठरवलेल्या दाबाला आपोआप बंद होणारा असावा. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी, चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरावी. दुपारी रस्त्यावरून आल्यावर दाब तीन-चार पीएसआय जास्त दिसतो, तो पाहून हवा सोडू नये. खिळा शिरून हवा हळूहळू जात असेल तर पंक्चरवाल्यापर्यंत पोचायला हे यंत्र देवासारखं धावून येतं. खड्ड्याने टायरची बाजू फाटली असेल तर ते काही करू शकत नाही.

दोन्ही एकाच डब्यात घ्यावं की वेगवेगळं? माझं मत वेगवेगळ्याकडे झुकतं. तापणारा सिलिंडर लिथियम सेलच्या कुशीत ठेवणं मला पटत नाही, आणि एक बिघडला की दोन्ही जातात. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा साधा कंप्रेसर डिकीत वर्षानुवर्षं पडून राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही, त्यात सेलच नसतात. मात्र जागा कमी, गाडी एकच आणि छोटी, वस्तू सांभाळणारं माणूस वयस्क, असं असेल तर एकत्रितही चालेल. तेव्हा आधी गाडी चालू करावी, हवा नंतर भरावी.

सेलचं मात्र मुंबईच्या उन्हाशी पटत नाही. बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात आणि ६० च्या वर वापरायचे नसतात. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड साठी सहज ओलांडतो. जंप स्टार्टर घरात ठेवावा, लांब निघताना पिशवीत घ्यावा, दर तीन महिन्यांनी चार्ज तपासावा. लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल मिळाले तर उत्तम, ते थोडे जड असतात पण उष्णतेत जास्त स्थिर राहतात. सेलवर भारतीय मानक आयएस १६०४६ ची नोंदणी आहे का, हे बघावं. डबा फुगलेला दिसला तर त्याच दिवशी ई-कचऱ्यात.

काकांनी १२,००० वालाच घेतला. स्टार्टिंग करंट त्यावर स्पष्ट लिहिलेला होता, २०,००० वाल्यावर नव्हता. आता तो चपलांच्या कपाटावर असतो आणि काकूंनी कॅलेंडरवर दर तिसऱ्या महिन्याच्या एक तारखेला 'चार्ज' असं लिहून ठेवलंय. आणला त्या रविवारी आम्ही चारही टायर तपासले. मग काकांना स्टेपनी आठवली. डिकीतलं सामान काढून गेज लावला: १४ पीएसआय. "तीन वर्षांत एकदाही बघितली नव्हती रे," काका म्हणाले. ३३ व्हायला साडेचार मिनिटं लागली, आणि नळीचं टोक खरंच चांगलं गरम झालं होतं.