वेण्णा लेकचा बर्फ आकाशातून पडत नाही

डिसेंबर-जानेवारीत एक बातमी ठरलेली असते: महाबळेश्वर गोठले, वेण्णा लेकवर बर्फाची चादर. सोबत फोटो. जीपच्या टपावर पांढरा थर, जेटीच्या फळ्यांवर हिमकण, कुणाच्या तरी तळहातावर खरवडून घेतलेला चुरा. त्याच दिवशीचा हवामान खात्याचा आकडा पाहावा, तर तो शून्याच्या कितीतरी वर. मग वाद सुरू. कुणी म्हणतं खात्याचा तापमापक बिघडलाय, कुणी म्हणतं फोटो खोटा आहे.

आकडा आणि फोटो दोन्ही खरे असतात, कारण दोघांची हवा वेगळी असते. खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचावर, वर गावात. बर्फ साठतो खाली, तळ्याकाठी आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात, तोही गवताच्या पात्यांवर.

गरम हवा हलकी होऊन वर जाते, हे शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं. थंड हवा जड होऊन खाली बसते, ही त्याच वाक्याची दुसरी बाजू कुणी फारशी लक्षात ठेवत नाही. किती जड? महाबळेश्वरच्या उंचीवर, म्हणजे साधारण १,३५० मीटरवर, ५ अंशांची घनमीटरभर हवा १० अंशांच्या तेवढ्याच हवेपेक्षा जेमतेम २० ग्रॅम जास्त भरते. मूठभर शेंगदाण्यांइतका फरक! पण वारा पडलेला असला की तेवढाही पुरतो.

आता खरी गंमत. रात्री आधी गार होते ती जमीन, हवा नव्हे. स्वच्छ, कोरड्या रात्री जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडत राहते. वरून थोडी परत मिळते, पण वजाबाकी करता दर चौरस मीटरला ६० ते १०० वॅटचा तोटा उरतो. जुना पिवळा बल्ब जेवढी वीज खायचा, तेवढा. जमिनीला चिकटलेली हवा मग नुसत्या स्पर्शाने थंड होते. दिवसा याच्या उलट घडतं: तळाची हवा तापते, हलकी होते, वर निघते, तिच्या जागी दुसरी येते आणि पातेल्यातल्या उकळत्या चहासारखी सगळी घुसळण होते. रात्री तळाची हवा गार म्हणजे जड. ती वर जाणारच नाही. वरची ऊबदार हवा खाली येणार नाही, कारण ती हलकी. घुसळण थांबते आणि थंडी तळाशीच साचत जाते. वर जावं तसं गार, हा आपला नेहमीचा हिशेब पहाटे उलटा होतो. याला इन्व्हर्जन म्हणतात. पुस्तकी मराठीत तापमानाचं व्युत्क्रमण.

आणि जमीन उतरती असेल तर ही जड हवा चक्क वाहते, पाण्यासारखी पण फार सावकाश. हिवाळ्यात रात्री दहानंतर दुचाकीवरून ओढ्याच्या पुलाशी उतरताना गुडघ्यांना अचानक झोंबतो ना, तो हाच ओघळ. चढ लागला की दोन मिनिटांत बरं वाटतं. चौकस वाचक इथे अडवेल: हवा खाली उतरली की दाबली जाते आणि दर १०० मीटरला सुमारे १ अंशाने तापते, मग ती थंड राहते कशी? आक्षेप बरोबर आहे. पण ती गार जमिनीला घासत उतरते, वाटेत उष्णता गमावत राहते आणि खोलगटात थांबल्यावरही गमावते. त्यामुळे दाबातून मिळालेला अर्धा-एक अंश कुठल्या कुठे जातो.

जीपचा टप याच्याही पुढे जातो. पातळ पत्रा, साठवलेली उष्णता नगण्य, समोर उघडं आकाश. तो भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो आणि हवेतली वाफ त्याच्यावर तिथल्या तिथे गोठते. ‘दव पडतं’ असं आपण म्हणतो खरं, पण वरून काहीच पडत नाही. झाडाखाली लावलेली जीप बहुतेक कोरडीच सापडते, कारण तिच्यावर आकाशाऐवजी पानांचं छप्पर असतं. ढग आले तरी तोच परिणाम.

याच्याशी पृथ्वी-सूर्य अंतराचा संबंध जोडणारा व्हॉट्सॲप संदेश दरवर्षी येतो: ‘अपसूर्यबिंदूमुळे थंडी वाढणार, सर्दी-खोकला सांभाळा’. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब, म्हणजे अपसूर्यबिंदूवर, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर, असते ती जुलैच्या सुरुवातीला. आपण कुडकुडतो त्या जानेवारीत ती सर्वांत जवळ असते, १४.७ कोटींवर. संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी कॅलेंडर तरी पाहावं.

थंड हवा तळाशी साचते, हे निफाडच्या द्राक्षबागायतदारांना कुणी शिकवावं लागत नाही. पारा घसरला की मणी तडकण्याच्या धास्तीने ते पहाटे विहिरीचं कोमट पाणी बागेत सोडतात आणि शेकोट्या पेटवतात. शेकोट्या लहान-लहान, जागोजागी. एकच मोठा जाळ का नाही? मोठ्या जाळाची हवा इतकी तापते की वरच्या ऊबदार थराचं झाकण फोडून निघून जाते आणि तिच्या जागी आजूबाजूची गार हवा बागेत ओढली जाते. लहान शेकोटीची ऊब त्या झाकणाखालीच अडते. पहाटे बांधावर उभं राहून धुराकडे पाहिलं की झाकण दिसतंही: धूर काही मीटर सरळ चढतो, मग कुणी वरून हात ठेवल्यासारखा आडवा होतो आणि वेलींवर पसरून राहतो, ऊन वर येईपर्यंत.