इंग्रजीतील अनियमित क्रियापदे

इंग्रजी क्रियापदाचा साधा भूतकाळ आणि भूतकालवाचक धातुसाधित (पास्ट पार्टिसिपल) ही दोन्ही रूपे एरवी मूळ रूपाला ‘ई-डी’ लावून होतात : प्ले–प्लेड–प्लेड. ज्या क्रियापदांना हा नियम लागत नाही ती अनियमित : गो–वेन्ट–गॉन, टेक–टुक–टेकन, कट–कट–कट. आजच्या वापरात अशी क्रियापदे साधारण २०० आहेत. अंडरस्टँड, ओव्हरकम अशी जोडरूपे वेगळी मोजली तर आकडा वाढतो. हजारो क्रियापदांच्या भाषेत ही संख्या किरकोळ वाटेल. पण बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, टेक, सी ही रोज तोंडी असणारी क्रियापदे सगळी यांतलीच आहेत.

अनियमितपणा जवळजवळ पूर्णपणे भूतकाळी रूपांपुरता असतो. ‘आयएनजी’ लागलेले रूप नेहमी नियमाने होते. वर्तमानकाळात ‘एस’ लावताना फक्त बी, हॅव, डू आणि से वेगळे वागतात : इज, हॅज, डज, सेज. यांतले शेवटचे लिहिताना नियमित दिसते, पण त्याचा ‘से’ ऱ्हस्व उच्चारायचा असतो. भूतकाळातल्या ‘सेड’चेही तसेच.

कोणते रूप कोठे

गो–वेन्ट–गॉन ही तीन रूपे पाठ असणारा विद्यार्थीही वाक्यात चुकतो, कारण पाठांतराने रूप कळते, त्याची जागा कळत नाही. शिकवणी वर्गांत ज्याला ‘व्ही टू’ म्हणतात ते दुसरे रूप एकट्यानेच क्रियापदाचे काम करते, त्याला सहायक क्रियापद चालत नाही : ‘शी रोट अ लेटर’. तिसरे रूप उलट एकटे उभे राहत नाही. त्याच्या आधी पूर्ण काळात हॅव, हॅज किंवा हॅड लागते आणि कर्मणी प्रयोगात बीचे एखादे रूप लागते : ‘शी हॅज रिटन’, ‘द लेटर वॉज रिटन’. म्हणून ‘आय हॅव वेन्ट’ आणि ‘आय सीन हिम’ या दोन्ही चुका प्रमाण इंग्रजीत सारख्याच खटकतात; दुसरी काही इंग्रजी बोलींत सर्रास ऐकू येते, ती गोष्ट वेगळी.

डिड आले की भूतकाळ त्यानेच दाखवलेला असतो, त्यामुळे मुख्य क्रियापद पहिल्या रूपात राहते : ‘डिड यू गो?’, ‘आय डिड नॉट गो’. मराठीभाषकांकडून येथे ‘डिड यू वेन्ट’ असे येते, त्याचे कारण मराठीच्या घडणीत आहे. ‘तू गेलास का?’ या प्रश्नात भूतकाळ मुख्य क्रियापदावरच असतो आणि प्रश्नासाठी फक्त ‘का’ जोडला जातो. कॅन, विल, मस्ट, शुड यांच्यानंतरही पहिलेच रूप येते; ‘शुड हॅव’ झाले, की हॅवमुळे तिसरे.

रूपे लक्षात कशी राहतात

वर्णानुक्रमाने छापलेली यादी पाठ करणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण तिच्यात शेजारच्या क्रियापदांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. स्वरबदलाप्रमाणे गट पाडले, तर बराच भाग आपोआप बसतो.

सिंग–सँग–संग या साच्यात रिंग, ड्रिंक, सिंक, स्विम, बिगिन येतात. हा गट सर्वांत फसवा आहे, कारण दुसरे आणि तिसरे रूप एकाच स्वराने वेगळे होते. ‘हॅज बिगॅन’ लिहिणारे पुष्कळ सापडतात, हवे असते ‘हॅज बिगन’. विन, स्विंग, स्टिंग, डिग, स्टिक मात्र दोन्ही ठिकाणी एकच रूप घेतात : विन–वन–वन. ब्रिंग दिसायला सिंगसारखे, पण ते थिंक, बाय, टीच यांच्या गोटातले : ब्रॉट, थॉट, बॉट, टॉट.

नो–न्यू–नोन प्रमाणे ग्रो, थ्रो, ब्लो, फ्लाय चालतात. ब्रेक–ब्रोक–ब्रोकन प्रमाणे स्पीक, फ्रीझ, चूज. राइट–रोट–रिटन प्रमाणे ड्राइव्ह, राइड, राइज. कीप–केप्ट प्रमाणे स्लीप, फील, मीट. सेंड–सेंट प्रमाणे स्पेंड, लेंड, बिल्ड. एंड आणि मेंड मात्र नियमित. कम, बिकम आणि रन यांचे तिसरे रूप पहिल्यासारखेच असते, त्यामुळे ‘हॅज कम’ बरोबर आणि ‘हॅज केम’ चूक.

कट, पुट, हिट, सेट, शट, लेट, हर्ट यांची तिन्ही रूपे सारखी. यांच्या शेवटी मुळातच ‘ट’ असल्याने भूतकाळाचा प्रत्यय त्यात मिसळून गेला. ‘कटेड’, ‘पुटेड’ ही रूपे नाहीतच. ‘कॉस्टेड’ आहे, पण खर्चाचा अंदाज काढणे या अर्थी. वस्तूची किंमत पडली असे सांगायचे तर ‘इट कॉस्ट फिफ्टी रुपीज’. रीडचे स्पेलिंग तिन्ही रूपांत एकच, उच्चार मात्र रीड–रेड–रेड. लीड त्याच्यासारखे वाटते, पण त्याचा भूतकाळ एल-ई-डी असा तीन अक्षरांत लिहायचा असतो. एल-ई-ए-डी लिहिले तर ते एकतर वर्तमानकाळ होते नाहीतर शिसे, आणि इंग्रज लोकही यात चुकतात.

जोडक्रियापद बहुधा मूळ क्रियापदाचीच चाल घेते : अंडरस्टूड, मिस्टुक, विड्रू. वेलकम हा ठळक अपवाद. त्याचा भूतकाळ वेलकम्ड होतो, वेलकेम नाही.

गोंधळाच्या जोड्या

सर्वांत कुप्रसिद्ध जोडी लाय आणि ले यांची. लाय, म्हणजे आडवे होणे, अकर्मक आहे : लाय–ले–लेन. ले, म्हणजे ठेवणे, सकर्मक : ले–लेड–लेड. पहिल्याचा भूतकाळ हेच दुसऱ्याचे मूळ रूप. त्यात खोटे बोलणे या अर्थाचा तिसरा लाय येतो, तो नियमित. वाक्यात कर्म आहे का एवढे पाहिले, तरी बहुतेक वेळा निवाडा होतो. राइज आणि रेज यांच्यातही हाच अकर्मक–सकर्मक भेद आहे. हँगचा भूतकाळ हंग. माणसाला फाशी दिले असेल तरच हँग्ड. फाइंडचा भूतकाळ फाउंड, पण फाउंड म्हणजे स्थापना करणे हे वेगळे नियमित क्रियापद, म्हणून संस्था ‘वॉज फाउंडेड’.

अशी रूपे आली कोठून

जुन्या इंग्रजीत सबल क्रियापदे आतला स्वर बदलून भूतकाळ दाखवत आणि दुर्बल क्रियापदे दंत्य, म्हणजे ‘ड’ किंवा ‘ट’चा, प्रत्यय लावून. सिंग, ड्राइव्ह ही सबलांची वंशज. कीप–केप्टसारखी मुळात दुर्बलच होती. पुढच्या व्यंजनजोडीमुळे भूतकाळातला स्वर ऱ्हस्व झाला, मूळ रूपातला दीर्घ स्वर पुढे वेगळ्या वाटेने बदलत गेला आणि दोहोंत अंतर पडले. वेन्ट हा वास्तविक वेंड या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ. तो गोने उचलला. मराठीतही ‘जा’ आणि ‘गेला’ यांचे नाते असेच दोन धातूंचे आहे. वॉज आणि वेअर हा एकवचन–अनेकवचनाचा भूतकाळातला भेद पूर्वी अनेक क्रियापदांत होता, आता फक्त बीमध्ये उरला आहे.

क्वचित वापरली जाणारी अनियमित क्रियापदे नियमित होत जातात, कारण नवीन पिढीच्या कानावर जुने रूप पुरेसे पडत नाही. हेल्पचे जुने होल्प असेच गेले. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा माग प्रसिद्ध केला. त्यांतली ९८ आजही अनियमित आहेत, आणि वापर १०० पट कमी असलेले क्रियापद १० पट वेगाने नियमित होते, असे त्यांना आढळले. उलटा प्रवासही घडतो : डिगचा भूतकाळ पूर्वी डिग्ड होता, डग नंतरचा. नवी घडलेली क्रियापदे मात्र जवळजवळ सरसकट ‘ई-डी’ घेतात, गूगल्डसारखी.

ब्रिटिश आणि अमेरिकन

बर्न, लर्न, ड्रीम, स्पेल, स्पॉइल यांची बर्न्ट, लर्न्ट अशी ‘टी’ची रूपे ब्रिटनमध्ये ‘ई-डी’च्या बरोबरीने चालतात, अमेरिकेत बहुधा ‘ई-डी’च. दोन्ही शुद्ध आहेत, एका लेखात एकच पद्धत ठेवावी एवढेच. डाइव्हचा डोव्ह आणि स्नीकचा स्नक हे अमेरिकेत रुळले. गेटचे तिसरे रूप ब्रिटनमध्ये गॉट, तर अमेरिकेत मिळणे किंवा होणे या अर्थी गॉटन. जवळ असणे या अर्थी मात्र अमेरिकनही ‘आय हॅव गॉट’ असेच म्हणतो. शंका आली तर शब्दकोशात मूळ रूपाची नोंद पाहावी. क्रियापद अनियमित असेल तर रूपे तेथेच सुरुवातीला छापलेली असतात; बहुतेक कोशांत काहीच छापलेले नसेल तर ते नियमित समजायचे.