सेंद्रिय कर्ब नियोजन

शेतात तयार होणारा काडीकचरा, गोठ्यातले शेण आणि बाहेरून आणलेली खते यांपैकी किती मातीत परत घालायचे, कोणत्या रूपात व कोणत्या वेळी घालायचे, आणि घातलेला कर्ब (कार्बन) टिकावा म्हणून मशागत, पिकांची फेरपालट व बांधबंदिस्ती यांत कोणते बदल करायचे, याचा एका शेतापुरता काही वर्षांसाठी आखलेला आराखडा म्हणजे सेंद्रिय कर्ब नियोजन होय. पिकांनी हवेतून घेतलेला कर्ब मातीत साठवणे हा त्याचा एक हेतू, तर जमिनीचा पोत, ओल धरण्याची क्षमता व सुपीकता सुधारणे हा दुसरा. महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने दुसरा हेतू मुख्य असतो. अशा आराखड्याला स्वतंत्र नाव मिळाले ते अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात. तेथील मरीन परगण्यात मरीन कार्बन प्रोजेक्ट या संशोधन उपक्रमाने कुरणांवर सुमारे अर्धा इंच जाडीचा कंपोस्टचा थर एकदाच पसरून त्याचे परिणाम तपासले आणि त्यातून एकेका शेताचा ‘कार्बन फार्म प्लॅन’ तयार करण्याची पद्धत रुळली. महाराष्ट्रात यातील बहुतेक कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. नवा आहे तो त्यांचा हिशेब.

हा हिशेब माती परीक्षणापासून सुरू होतो. नमुना घेताना जमिनीवरील काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा साधारण वीतभर खोल खड्डा घेतात व त्याच्या एका कडेची माती वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीने तासतात. शेतातील अशा अनेक जागांची माती गोणपाटावर एकत्र करून तिचे चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन भाग टाकून देतात आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत हेच करत राहतात. बांधालगतची, झाडाखालची, उकिरड्याजवळची किंवा जनावरे बसतात तेथील माती घेतल्यास कर्ब भरपूर दिसतो आणि पुढचा सगळा आराखडा चुकतो. प्रयोगशाळेत बहुधा १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेली वॉकली-ब्लॅक पद्धत वापरतात. तिच्यात पोटॅशियम डायक्रोमेट व गंधकाम्ल यांच्या साहाय्याने कर्बाचे ऑक्सिडीकरण करतात. सुमारे तीन-चतुर्थांश कर्बाचेच ऑक्सिडीकरण होत असल्याने आलेला आकडा ठरावीक गुणकाने वाढवून घ्यावा लागतो. महाराष्ट्रातील वर्गवारीप्रमाणे ०.२० टक्क्यांपर्यंतचे प्रमाण अत्यंत कमी, ०.२१ ते ०.४० टक्के कमी आणि ०.४१ ते ०.६० टक्के मध्यम मानले जाते. काळ्या जमिनीत चुनखडीच्या रूपाने असलेला कर्ब यात धरत नाहीत. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच जी माती फसफसते, तिच्यात असा कर्ब असतो आणि सुपीकतेशी त्याचा संबंध बहुधा उलटाच असतो.

टक्केवारीतील लहान फरकामागे मोठे वजन असते. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन ढोबळमानाने २२ लाख ४० हजार किलो धरतात. त्यात सेंद्रिय कर्ब ०.४ वरून ०.५ टक्क्यावर न्यायचा तर सव्वादोन टनांच्या आसपास कर्ब मातीत कायम राहायला हवा, म्हणजे सुमारे आठ टन कार्बन डाय-ऑक्साइड हवेतून काढून घेतल्यासारखे होते. उसाच्या तोडणीनंतर हेक्टरी ८ ते १० टन पाचट, म्हणजे वाळलेला पाला, शेतात उरते आणि त्यात ३२ ते ४० टक्के कर्ब असतो. कागदावर हा कर्ब तीन टनांच्या घरात जातो आणि एका हंगामातच उद्दिष्ट गाठल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात कुजताना त्यातील बहुतांश कर्ब सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून पुन्हा हवेत जातो व थोडासाच भाग चिकणमातीच्या कणांना बिलगून राहतो. उष्ण हवामानात ही गळती जास्त असते. मुरमाड, उथळ जमिनीत तर टिकायला आधारच कमी.

म्हणून नियोजनाचा गाभा काडीकचऱ्याच्या जमाखर्चात आहे. शेतात उगवलेल्या प्रत्येक काडीवर मातीखेरीज इतरांचेही हक्क असतात. ज्वारीचा कडबा आणि सोयाबीनचे कुटार गोठ्यात जाते, तुराट्या व पऱ्हाट्या चुलीत, शेण गोवऱ्यांत, आणि जे कोणालाच नको असते ते पेटवून दिले जाते. गोठ्यात गेलेला कर्ब निदान शेणखताच्या रूपाने परत येऊ शकतो. मात्र गावोगावी जनावरे कमी होत गेल्याने ही वाटही अरुंद झाली आहे. सर्वांत सोपी वाढ जळणारा माल वाचवण्यात असते. पाचट न पेटवता सरीत दाबायचे, उसाचे बुडखे जमिनीलगत छाटायचे आणि पाचटावर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकायचे, अशी शिफारस खोडव्यासाठी, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकासाठी, रूढ आहे. युरिया लागतो तो पाचटातील कर्बाच्या मानाने नत्र फार कमी असल्यामुळे. तो दिला नाही तर कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो.

कपाशीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम तोडण्यासाठी हंगाम वेळेत संपवून पऱ्हाट्या शेतातून काढाव्यात असे सांगितले जाते, तर कर्बाच्या दृष्टीने त्या शेतातच राहायला हव्यात. यंत्राने बारीक तुकडे करून कंपोस्ट करणे किंवा कमी हवेत जाळून कोळसा करून तो मातीत मिसळणे हे त्यावरचे मार्ग आहेत. दोन्हींना मजुरी व यंत्रभाडे लागते. आराखड्यात हा खर्च न दाखवणे ही नेहमीची चूक आहे. ताग आणि धैंचा यांच्या बाबतीतही थोडे भान हवे. फुलोऱ्याच्या सुमारास, पेरणीनंतर दीड महिन्याने गाडलेले हिरवळीचे खत कोवळे असल्याने झपाट्याने कुजते व पुढच्या पिकाला नत्र देते. टिकाऊ कर्ब त्यापासून अपेक्षेइतका वाढत नाही.

मशागत कमी करणे हा नियोजनाचा दुसरा मोठा भाग होय, कारण नांगराने ढेकळे फुटली की आत दडलेला कर्ब हवेच्या व जिवाणूंच्या तावडीत सापडतो. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्रात कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर भात टोकतात, चिखलणी व लावणी करत नाहीत आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच राहू देतात. कोकणात रोपवाटिकेसाठी पालापाचोळा, फांद्या व शेण पसरून राब भाजण्याची जी रीत आहे, तिचीही या पद्धतीत गरज उरत नाही. तणनाशकावरील अवलंबित्व हा या तंत्रावरचा मुख्य आक्षेप आहे. शिवाय नांगरणी थांबवल्यावर वरच्या थरात दिसणारी वाढ काही अंशी कर्बाच्या फेरवाटणीची असू शकते. खालच्या थरांचे नमुने घेतल्याखेरीज ते कळत नाही.

धूप थांबवली नाही तर वरील सर्व कामे वाया जातात, कारण पहिल्या पावसात वाहून जाणारी वरची माती हीच सर्वाधिक कर्बाची माती असते. उताराला आडवी पेरणी, बांध आणि बांधावर गिरिपुष्पासारखी पाला देणारी झाडे यांचा आराखड्यात समावेश होतो. तलावातील गाळ शेतात पसरल्याने हलकी जमीन सुधारते हे खरे; पण तो कर्ब दुसऱ्या कोणाच्या तरी शेतातून वाहून आलेला असतो आणि त्याला नवी साठवण म्हणता येत नाही.

कर्बाची वाढ सावकाश होते आणि तिचा परिणाम दीर्घकाळ टिकू शकतो. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्राच्या हूसफील्ड शेताच्या एका भागाला १८५२ ते १८७१ पर्यंत दरवर्षी शेणखत घातले आणि नंतर थांबवले. शंभराहून अधिक वर्षांनीही त्या मातीत खत न घातलेल्या भागापेक्षा कर्ब जास्त आढळला. महाराष्ट्राची माती व हवा वेगळी असल्याने हा कालावधी येथे जसाच्या तसा धरता येत नाही. भारतातील दीर्घकालीन खत प्रयोगांत शिफारशीची रासायनिक खते आणि शेणखत एकत्र दिलेल्या वाफ्यांत कर्ब चांगला राहतो, तर नुसते नत्र देत राहिल्यास जमीन खालावते, असे वारंवार दिसले आहे.

साठवलेल्या कर्बाचे क्रेडिट, म्हणजे तेवढा कर्ब साठवल्याचे प्रमाणपत्र, विकून शेतकऱ्याला पैसे मिळावेत असाही प्रयत्न अलीकडे होत असून केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीतील ऐच्छिक कार्बन बाजारासाठी चौकट जाहीर केली. अडचण मोजणीची आहे. दोन-तीन वर्षांत होणारी वाढ बहुधा एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांतील फरकापेक्षाही लहान असते, म्हणून फेरनमुने त्याच जागी, त्याच महिन्यात व त्याच खोलीवर घ्यावे लागतात. जमीन खंडाने किंवा बटाईने कसणाऱ्याच्या बाबतीत तर पाच-दहा वर्षांचा आराखडा कोणाच्या नावाने करायचा हाच प्रश्न पडतो. एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंतच शेत हाती असणारा माणूस पाचट कुजण्याची वाट पाहत नाही, तो ते पेटवून पुढच्या पिकासाठी रान मोकळे करतो.